रम आणि जिंजर बिअर: घरी केलेले पेय गोड आणि निर्जीव का होते?

सांजवारा

गडद रम, जिंजर बिअर म्हणजे आल्याचे फसफसते पेय, लिंबाची एक फोड आणि भरपूर बर्फ एवढ्याच साहित्याचे पेय मी गेल्या दोन महिन्यांत घरी चार वेळा केले आणि चारही वेळा निराश झाले. हे पेय मी पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या घरी प्यायले होते. पहिल्याच घोटाला आल्याचा झणका नाकापर्यंत गेला, त्यामागून रमचा करपलेल्या साखरेसारखा वास आला, आणि ग्लास संपेपर्यंत बुडबुडे टिकून होते. तिने सांगितलेले प्रमाण मी लिहून घेतले होते: ६० मिलिलिटर रम आणि १०० मिलिलिटर जिंजर बिअर. मी तेच प्रमाण मोजून घेते, आधी रम, मग बर्फ, मग वरून जिंजर बिअर असे ओतते आणि चमच्याने ढवळते. तरीही माझे पेय गोडमिट्ट होते, आले जेमतेम जाणवते आणि दहा मिनिटांत त्यातला सगळा वायू निघून गेलेला असतो.

चूक प्रमाणात आहे, साहित्यात आहे की ओतण्याच्या पद्धतीत, हे मला समजून घ्यायचे आहे. रम बदलून पाहा असा सल्ला दोघातिघांनी दिला, पण कारण कळल्याशिवाय बाटल्या बदलत राहणे मला पटत नाही.

मितभाषी

बाटलीवर 'जिंजर बिअर' लिहिले आहे की 'जिंजर एल', हे आधी वाचून सांगाल का?

दर्यावर्दी

मी सल्ला देणाऱ्या त्या दोघातिघांच्या बाजूचा आहे, कारण या पेयात रम हा एकतृतीयांशाहून मोठा भाग आहे आणि तिचा दोष कशानेही झाकला जात नाही. रमचा गडद रंग म्हणजे ती फार वर्षे पिंपात मुरली आहे असा समज सर्वत्र आढळतो, पण तो रंग पुष्कळदा करपवलेल्या साखरेच्या रंगद्रव्यामुळे आलेला असतो. तो रंग घालण्यात गैर काही नाही. मात्र काही रममध्ये रंगाबरोबर साखरही घातलेली असते, आणि व्हॅनिला किंवा मसाल्यांचा स्वाद दिलेल्या रममध्ये तर हे फारच आढळते. अशी रम गोड जिंजर बिअरमध्ये मिसळली की गोडावर गोड चढते.

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. स्वच्छ बशीत चमचाभर रम ओतून ती उघडी ठेवावी. सगळे वाळून गेल्यावर बोट फिरवून पाहावे. चिकट थर राहिला असेल तर त्या रममध्ये साखर आहे. ऊस किंवा मळीपासून निघालेला अर्क ऊर्ध्वपातनातून येतो, तेव्हा साखर भट्टीतच मागे राहते. म्हणून नुसत्या रमने चिकटपणा येण्याचे कारण नाही.

माझी पसंती भांड्याच्या भट्टीतून काढलेल्या जमैकाच्या रमला आहे. तिचा पिकलेल्या, किंचित उतरलेल्या फळांसारखा वास आल्यासमोर दबत नाही. हलकी पांढरी रम इथे वापरली तर केवळ मद्यार्क जाणवतो, रम जाणवत नाही.

तळटीप

तुमची मैत्रीण बहुधा 'डार्क अँड स्टॉर्मी' करत असावी, कारण ६० आणि १०० हे प्रमाण आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत याच पेयासाठी दिलेले आहे. परंतु त्या यादीतली कृती तुमच्या कृतीच्या उलट आहे: उंच ग्लासात बर्फ भरायचा, त्यावर जिंजर बिअर ओतायची आणि सर्वांत शेवटी रम अलगद वर सोडायची. खाली फिकट पिवळा थर आणि वर काळसर ढग असे जे दृश्य दिसते, त्यावरूनच हे नाव शोभते.

पेय बर्म्युडाचे आहे आणि त्याची गोष्ट गॉसलिंग घराण्याशी जोडलेली आहे. जेम्स गॉसलिंग १८०६ साली इंग्लंडहून मालाने भरलेले जहाज घेऊन निघाले आणि बर्म्युडातल्या सेंट जॉर्जेस येथे उतरले. त्यांच्या वंशजांची काळी रम पहिल्या महायुद्धापर्यंत पिंपातूनच विकली जात असे. पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या भोजनगृहातल्या रिकाम्या शॅम्पेनच्या बाटल्यांत ती भरली जाऊ लागली आणि बुचावर काळ्या लाखेचा शिक्का बसू लागला. 'ब्लॅक सील' हे नाव त्या शिक्क्यावरून पडले. इंग्रजीत सील या नावाचा एक सागरी प्राणीही असल्यामुळे पुढे बाटलीच्या चिठ्ठीवर पिंप तोलणारा तो प्राणीच येऊन बसला.

या घराण्याच्या कंपनीने १९९१ साली अमेरिकेत 'डार्क अँड स्टॉर्मी' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले आहे, त्यामुळे दुसऱ्या रमचे पेय त्या नावाने विकता येत नाही, असा त्या कंपनीचा आग्रह असतो. घरात कोणती रम वापरावी यावर अर्थातच कोणाचे बंधन नाही.

रसायनी

तळटीप यांनी सांगितलेल्या क्रमामागे पदार्थविज्ञानही आहे. ४० टक्के मद्यार्काच्या रमची घनता पाण्याच्या सुमारे ०.९५ पट असते आणि लिटरला १०० ग्रॅम साखर असलेल्या जिंजर बिअरची सुमारे १.०४ पट. हलके द्रव जड द्रवावर तरंगणारच. रम आधी ओतली आणि वरून जिंजर बिअर सोडली की जड द्रव हलक्या द्रवातून खाली कोसळते, दोन्ही जोरात घुसळली जातात आणि त्या घुसळण्यात वायू सुटतो. त्यात तुम्ही वर चमच्यानेही ढवळता, म्हणजे उरलेला वायूही स्वतःच्या हाताने बाहेर काढता.

त्याहून मोठे कारण तापमान असावे, असा माझा अंदाज आहे. वातावरणाच्या दाबाखाली एक लिटर पाण्यात शून्य अंश सेल्सिअसला साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तर २० अंशांना जेमतेम ०.९ लिटर. खोलीच्या तापमानाची जिंजर बिअर तुम्ही बर्फावर ओतली, तर ती थंड होण्याआधीच निम्मा वायू सोडून मोकळी होते आणि बर्फ वितळून पाणी वाढते ते वेगळेच. म्हणून जिंजर बिअर फ्रिजमध्ये किमान एक रात्र ठेवावी, ग्लासही थंड करावा, आणि रम फ्रीजरमध्ये ठेवायलाही हरकत नाही. ४० टक्क्यांचे मद्य उणे २७ अंशांच्या आसपास गोठते आणि घरगुती फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे ती गोठत नाही.

बर्फाबद्दलही एक सूचना आहे. फ्रीजरमधून काढलेल्या खड्यांवर हिमकणांचा खरखरीत थर असतो आणि त्या प्रत्येक कणावर बुडबुडा जन्म घेतो. खडे ग्लासात टाकल्यावर त्यावर थोडे थंड पाणी ओतून ते लगेच निथळून टाकले, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि फेस एकदम उसळत नाही. खडे मोठे असावेत. चुरा मुळीच नको.

सांजवारा

मितभाषी, आपण विचारले ते बरे झाले. कपाटातल्या रिकाम्या बाटल्या काढून वाचल्या. पहिल्या दोन वेळा मी जिंजर एल वापरले होते, हे आज कळले. पुढच्या दोन वेळा मात्र जिंजर बिअरच होती आणि तरीही पेय गोडच झाले, त्यामुळे निम्मेच कोडे सुटले आहे. जिंजर बिअर फ्रिजमधली नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. बशीत रम ओतून ठेवली आहे.

अनुस्वार

दोन नावांतला फरक इथे नोंदवून ठेवतो, कारण बरेच जण इथेच फसतात. जिंजर बिअर मुळात अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधले, आले, साखर आणि पाणी आंबवून केलेले पेय आहे. ते किंचित गढूळ असते आणि त्याचा तिखटपणा घशाशी जाणवतो. जिंजर एल हे मुख्यतः आल्याच्या स्वादाचे, पारदर्शक आणि सौम्य सोडापेय आहे. आज बाजारातल्या बहुतेक जिंजर बिअरही आंबवलेल्या नसतात; त्यांत वायू यंत्राने भरलेला असतो. तरीही त्यांत आल्याचा अंश जास्त असतो.

बाटलीवरची घटकांची यादी वाचायची सवय ठेवावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. आल्याचा रस किंवा अर्क यादीत वर असेल तर ती बाटली घ्यावी. आले शेवटी 'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांत उरकलेले असेल तर ठेवून द्यावी. काही ठिकाणी यादीत मिरचीचा अर्कही सापडतो. त्याने जीभ भाजते, पण आल्याचा वास येत नाही. शंभर मिलिलिटरमध्ये साखर किती, हेही पोषणाच्या तक्त्यात असते. बारा ग्रॅमच्या बाटलीऐवजी आठ ग्रॅमची मिळाली, तर सांजवारा यांची अर्धी तक्रार तिथेच मिटेल.

कासव

इतक्या प्रतिसादांत लिंबाविषयी कोणीच बोलले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या अनुभवात गोडवा तोडण्याचे काम आंबटपणाच करतो. ग्लासाच्या काठावर लावलेली फोड शोभेची असते. तिच्यातून पेयात चार थेंबही पडत नाहीत. ताजा पिळलेला १० मिलिलिटर रस मोजून घालावा. तोच खरा उपाय आहे.

लिंबू कोणते, हेही सांगायला हवे. इंग्रजी कृतींमधल्या 'लाइम'साठी पातळ सालीचे, हिरवट, रसाळ लिंबू घ्यावे. जाड सालीच्या मोठ्या पिवळ्या लिंबाचा सुगंध निराळा असतो आणि रमशी त्याचे तितके जुळत नाही. बाटलीबंद रस तर वापरूच नये, कारण त्यात एक कडवट, शिळी चव उतरलेली असते.

दर्यावर्दी

कासव, इथे माझा ठाम विरोध नोंदवतो. १० मिलिलिटर रस घातला की ते वेगळेच पेय होते. मद्य, लिंबाचा रस आणि आल्याचे फसफसते पेय अशा रचनेला 'बक' म्हणतात. व्होडका घेतली की त्याच कुळातले 'मॉस्को म्यूल' होते. त्याच संघटनेच्या यादीत त्यासाठी ४५ मिलिलिटर व्होडका, १२० मिलिलिटर जिंजर बिअर आणि १० मिलिलिटर रस असे प्रमाण आहे. बर्म्युडाच्या पेयात मात्र यादी लिंबाची फक्त फोड सांगते, कारण तिथे रमचा वास मोकळा राहायला हवा. भरपूर रस पिळला की मळीचा तो गडद, थोडा कडसर सूर हरवतो.

कासव

पेयाचे नाव बदलले तरी चालेल. सांजवारा यांची तक्रार नावाबद्दल नाही, गोडव्याबद्दल आहे. शिवाय रम आणि लिंबू यांची सोबत जुनी आहे. ॲडमिरल व्हर्नन यांनी १७४० साली ब्रिटिश नौदलात रमच्या एका भागाला चार भाग पाणी घालून वाटण्याचा हुकूम काढला, तेव्हाच खलाशांना स्वतःच्या शिधावाट्यातून बचत करून त्यात साखर आणि लिंबू घालण्याची मोकळीक दिली होती. तो रोजचा रमचा वाटा नौदलात ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होता. खलाशांना जे मिश्रण मानवले ते आपल्याला का मानवू नये?

तळटीप

दोघांच्या मधला एक मार्ग आहे. रस न वाढवता दोन थेंब अँगोस्टुरा बिटर्स घालून पाहावे. योहान झीगर्ट या जर्मन डॉक्टरांनी १८२४ साली व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा शहरात हा कडू अर्क तयार केला. त्याचा कडूपणा गोडवा खाली दाबतो आणि लवंग-दालचिनीसारखा वास गडद रमशी छान जुळतो. रमचा सूर हरवत नाही, ही दर्यावर्दी यांची अटही त्यात पाळली जाते.

उत्तरा

मी गेली सहा वर्षे जिंजर बिअर घरीच आंबवते आणि त्यानंतर विकतची बाटली मला गोड पाण्यासारखी लागू लागली आहे. सांजवारा, तुम्हाला मैत्रिणीकडचा जो झणका आठवतो आहे, तो तिने घरी केलेल्या जिंजर बिअरचा तर नव्हता? एकदा विचारून पाहा.

माझी पद्धत सांगते. आधी विरजण तयार करावे लागते. स्वच्छ बरणीत दोन वाट्या पाणी, एक चमचा सालीसकट किसलेले आले आणि एक चमचा साखर घालून वर कापड बांधावे, आणि रोज तितकेच आले व साखर घालून ढवळावे. आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात, म्हणून साल काढू नये. पाच ते सात दिवसांत बरणीतून सुरसुर ऐकू येऊ लागते आणि आंबूस, ताजा वास येतो. बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर सगळे फेकून द्यावे. वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

मग एक लिटर पाण्यापैकी निम्मे उकळून त्यात ७० ग्रॅम किसलेले आले आणि ११० ग्रॅम साखर घालावी, झाकून पंधरा मिनिटे मुरू द्यावे आणि उरलेले थंड पाणी घालून मिश्रण कोमट होऊ द्यावे. गरम मिश्रणात विरजण घातले तर यीस्ट मरते. हाताला ऊब जाणवणार नाही इतके ते निवले की गाळून त्यात दोन लिंबांचा रस आणि पाव वाटी गाळलेले विरजण मिसळावे, आणि वर चार बोटे जागा सोडून प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरावे. खोलीच्या तापमानाला एक ते तीन दिवसांत बाटली दाबून पाहिली तर दगडासारखी घट्ट लागते. त्याच क्षणी ती फ्रिजमध्ये ठेवावी.

काचेची बाटली वापरू नका, ही विनंती मी अनुभवातून करते आहे. दुसऱ्या वर्षी मी दिसायला सुंदर म्हणून काचेच्या बाटल्या भरल्या आणि एका उकाड्याच्या रात्री त्यातली एक फुटली. सकाळी काचेचा तुकडा समोरच्या भिंतीत रुतलेला सापडला. स्वयंपाकघरात तेव्हा कोणी नव्हते, एवढेच आमचे दैव.

मितभाषी

प्लॅस्टिकच्या बाटलीलाही मर्यादा असते. ती रोज दाबून पाहावी आणि विसरण्याची शक्यता असेल तर फोनवर आठवण लावून ठेवावी.

रसायनी

उत्तरा यांच्या बाटलीमागचा हिशेब मांडतो, म्हणजे भीती नेमकी कशाची बाळगायची ते कळेल. एक लिटरमध्ये सुमारे ४ ग्रॅम साखर आंबली की द्रवाच्या आकारमानाइतका, म्हणजे साधारण एक लिटर, कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चांगल्या फसफसत्या पेयाला तीन ते चार पट वायू पुरतो, म्हणजे १२ ते १६ ग्रॅम साखर. कृतीत साखर आहे ११० ग्रॅम. ती सगळी बंद बाटलीत आंबली तर पंचवीस पटींहून अधिक वायू होईल, आणि तो दाब कोणतीही घरगुती बाटली सोसणार नाही. फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, केवळ मंदावते, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी आठवड्याभरात संपवावी आणि उघडताना झाकण हळूहळू सैल करावे.

याच हिशेबातून गोडव्याचेही उत्तर मिळते. साखरेचा आठवा हिस्साच आंबतो आणि उरलेली साखर तशीच पेयात राहते. कमी गोड हवे असेल तर आंबवण्याचा काळ वाढवू नये. मुळात साखर ७० ग्रॅमवर आणावी. यीस्टला आपला वाटा तेवढ्यातही मिळतो.

आल्याविषयीही एक गोष्ट सांगायची राहिली. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्याचा असतो. आले वाळले की त्याचे शोगाओल होते आणि ते अधिक तिखट असते. म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झोंबते. आले फार वेळ शिजवले की जिंजेरॉलपासून झिंजेरोन हे सौम्य, गोडसर वासाचे द्रव्य तयार होते. उत्तरा आले पाण्यात खळखळ उकळत नाहीत, झाकून मुरवतात, हे म्हणूनच योग्य आहे. त्यात पाव चमचा सुंठपूड घातली तर झणका आणखी खोल जाईल.

चंद्रकोर

मी मद्य घेत नाही, पण हा धागा आवडीने वाचते आहे. उत्तरा यांच्या जिंजर बिअरमध्ये मद्यार्क असतो का? आणि रम वगळून हेच पेय करायचे झाले तर तिच्या जागी काय घालावे?

रसायनी

असतो, थोडा. जितकी साखर आंबते तिच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मद्यार्क होतो. १६ ग्रॅम साखर आंबली तर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे एक टक्का. ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी आंबवलेले पेय टाळावे आणि विकतच्या बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण वाचावे.

उत्तरा

चंद्रकोर, तुमच्यासाठी न आंबवता करायची कृती देते. आले किसून फडक्यातून रस पिळावा आणि वाटीत अर्धा तास स्थिर ठेवावा. तळाशी पांढरा स्टार्च बसतो; तो मागे ठेवून वरचा रस काढून घ्यावा. या रसाचे १० मिलिलिटर, साखरेचा पाक १५ मिलिलिटर आणि लिंबाचा रस १० मिलिलिटर एकत्र करून त्यावर बर्फ आणि १२० मिलिलिटर अगदी थंड सोडा ओतावा. रमच्या जागी गार केलेला कडक काळा चहा ३० मिलिलिटर घातला तर रंगही गडद येतो आणि तुरटपणामुळे गोडवाही आवरतो. आमच्याकडे मद्य न घेणारे पाहुणे येतात तेव्हा मी हेच देते आणि पुन्हा मागणारेही असतात.

तळटीप

उत्तरा ज्याला विरजण म्हणतात त्याचा जुना इंग्रजी प्रकार 'जिंजर बिअर प्लांट' या नावाने ओळखला जाई. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९२ साली त्यावरचा प्रबंध प्रसिद्ध केला आणि दाखवले की हे रोप नसून यीस्ट आणि जिवाणू यांची परस्परांना धरून वाढणारी वसाहत आहे. ते जेलीसारखे पांढुरके खडे लोक एकमेकांना देत असत. आल्याच्या सालीपासून घरी धरलेले विरजण त्याहून वेगळे असते, तरी काम तेच करते.

अनुस्वार

प्रमाणाचा मुद्दा राहून जातो आहे. ४० टक्क्यांच्या ६० मिलिलिटर रममध्ये २४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ब्रिटनमध्ये ८ ग्रॅमला एक युनिट धरतात, त्या हिशेबाने एका ग्लासात दोनपेक्षा जास्त युनिटे झाली. १६० मिलिलिटरच्या पेयात हे प्रमाण १५ टक्के होते, आणि गोडव्यामुळे व आल्यामुळे ते जिभेला कळत नाही. मी स्वतः ४५ मिलिलिटर रमला १३५ मिलिलिटर जिंजर बिअर घेतो. मद्यार्क १० टक्क्यांवर येतो, आले पुढे येते आणि पेय सावकाश पिता येते. ज्यांना नंतर गाडी चालवायची आहे त्यांना मी चंद्रकोर यांचा ग्लास देतो.

दर्यावर्दी

४५ ला १३५ मध्ये माझ्या जमैकाच्या रमचाही निभाव लागतो, हे मान्य करतो. पण रम वर तरंगती ठेवणार असाल तर पहिले दोन घोट नुसत्या रमचे येतील, याची पाहुण्यांना कल्पना द्यावी. मी ढग पाहून झाला की लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच अलगद वर उचलतो. तेवढे मिसळणे पुरते आणि वायूही टिकतो.

सांजवारा

आठ दिवसांनी परत आले आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची असे ठरवले होते. रोज एकच ग्लास आणि रोज एकच बदल.

पहिल्या दिवशी फक्त तापमान बदलले: जिंजर बिअर, रम आणि ग्लास तिन्ही थंड. बुडबुडे वीस मिनिटांहून जास्त टिकले, पण गोडवा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला आणि ढवळणे सोडले. ढग दिसला आणि मला फार आनंद झाला. तिसऱ्या दिवशी कासव यांचा १० मिलिलिटर रस घातला. गोडवा गेला, पण रमही मागे सरली, म्हणजे दर्यावर्दी यांचे म्हणणेही खरे ठरले. मग ५ मिलिलिटर रस आणि दोन थेंब बिटर्स असे केले. माझ्या जिभेला हे सर्वांत जास्त मानवले, आणि प्रमाण अनुस्वार यांचे, ४५ ला १३५.

बशीतली रम वाळली आणि खाली मधासारखा चिकट थर राहिला. म्हणजे रम बदलण्याचा सल्ला चुकीचा नव्हता. कारण आता कळले आहे, तेव्हा पुढची बाटली बिनसाखरेची आणेन.

उत्तरा, मैत्रिणीला विचारले. जिंजर बिअर तिने घरीच केली होती, आणि त्यात सुंठही होती. काल मी आले किसून बरणी भरली आहे, पण आज अजून सुरसुर ऐकू येत नाही.

उत्तरा

पहिल्या दोन दिवसांत ऐकू येत नाही. बरणी गॅसजवळ न ठेवता फक्त उबदार कोपऱ्यात ठेवा, रोजचा चमचा चुकवू नका, आणि चौथ्या दिवशी कान लावून पाहा.